ताजा कलमातला लेख

पत्र (थोडं आटोपतं करून):

'मला सुचतं भरपूर. फोनमध्ये ६३ नोंदी आहेत, एक वही अर्धी भरली आहे. पण आजवर एकही लेख पूर्ण झालेला नाही. पहिला परिच्छेद मनासारखा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवते आणि तिथेच अडकते. सोबत जोडलेल्या लेखाचा पहिला परिच्छेद मी ११ वेळा लिहिला आहे. विषय जवळचा आहे, कारण माझा मोठा भाऊ लहानपणापासून अडखळत बोलतो. मुद्दे काढले, आराखडा केला, तरी लेख निर्जीव वाटतो. लिहिणाऱ्यांना हे जमतं कसं? सुचण्यापासून लेख पुरा होईपर्यंतची पद्धत काय असते?
– अर्ध्या वहीची मालकीण

ता. क. हे लेखात नाही, सहज सांगते. घरात फोन वाजला की दादा माझ्याकडे बघायचा आणि मी उचलायचे. तो घरी नाही म्हणून सांगायचे, नाहीतर त्याच्या वतीने बोलायचे. कितीतरी वर्षं. मग एक दिवस तो म्हणाला, "दे इकडे, मी बोलतो." मला तेव्हा राग आला होता. का, ते अजून कळलेलं नाही.'

प्रिय मालकीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि लेख एकदाच. यातच माझं निम्मं उत्तर आलं.

लेखाचं शीर्षक 'वाणीदोष आणि समाज'. पहिलं वाक्य, 'आजच्या धावपळीच्या युगात संवादाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' ११ वेळा लिहून तुम्ही इथे पोचलात, म्हणून जरा बेताने सांगायला हवं, पण सांगतो: हे वाक्य तुमचं नाही. ते कुणाचंच नाही. शाळेतल्या निबंधाच्या वहीतून ते आपल्या सगळ्यांच्या हाताला चिकटलेलं असतं. 'संवादा'च्या जागी 'वाचन' घाला, 'व्यायाम' घाला, 'झाडं' घाला, त्याचं काहीही बिघडत नाही.

मग मी ताजा कलमाशी आलो आणि सरसावून बसलो. फोन वाजतो, दादा बघतो, तुम्ही उचलता. आणि ज्या दिवशी तो मोकळा होतो त्या दिवशी तुम्हाला आनंद व्हायच्या ऐवजी राग येतो. लेख हा आहे. 'हे लेखात नाही, सहज सांगते' असं म्हणून तुम्ही तो दाराबाहेर ठेवलात आणि आत पाहुण्यांसाठी संवादाचं महत्त्व मांडून ठेवलंत.

हे तुमच्याच बाबतीत घडतं असं नाही. लोकांचं लेखन वाचत आलो त्या सगळ्या वर्षांत पाहिलंय, की माणूस लेखाबद्दल बोलताना जे सांगतो ते लेखात नसतं. पत्रात, फोनवर, 'म्हणजे त्याचं असं झालं होतं की' म्हणून जे सुरू होतं ते जिवंत असतं. कागदावर आलं की त्याला इस्त्री होते.

तर पद्धत. तुम्ही आराखडा पाठवलाय: व्याख्या, कारणं, परिणाम, उपाय. आता सांगा, या चार खणांत तुमचा राग कुठे ठेवायचा? कुठेच बसत नाही, म्हणून तो ता. क.मध्ये गेला. आधी विचार, मग आराखडा, मग खर्डा, मग दुरुस्ती, मग शुद्धलेखन अशा पायऱ्या शिकवल्या जातात, आणि शिकवण्यापुरत्या त्या ठीकही आहेत. प्रत्यक्ष लिहिणारा माणूस असा एकेक पायरी चढत नाही. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोन अमेरिकी अभ्यासकांनी लोकांना लिहायला बसवलं, लिहिताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं आणि ते बोलणं टिपून घेतलं. त्यावरून १९८१ साली त्यांनी जे मांडलं त्याचा अर्थ साधा आहे. माणूस अर्ध्या वाक्यात बेत बदलतो, मागे जाऊन खोडतो, पुन्हा बेत करतो, आणि मुख्य म्हणजे लिहिता लिहिता आपल्याला काय म्हणायचंय हेच त्याला नव्याने कळतं. म्हणजे तुमचा आराखडा चुकला नाही. तो फार लवकर झाला, आणि तुम्ही तो करारासारखा पाळत बसलात.

त्या ६३ नोंदींचं आधी बघू, कारण ते काम सोपं आहे. त्यातले बरेचसे नुसते विषय असणार: 'एकटेपणा', 'जुनी पत्रं', 'आईचा हट्ट'. विषयाला टोक नसतं, त्यामुळे कुठूनही धरलं तरी हातात येत नाही. एकेका नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा, 'यातलं मला काय कळत नाही?' जिथे लगेच उत्तर येईल ती नोंद तूर्त राहू द्या. जिथे हात थांबेल तिथे फुली मारा. एखाद्या तासात चार-पाच फुल्या निघाल्या तरी पुष्कळ झालं. दादाच्या गोष्टीवर फुली तुम्ही स्वतःच मारली आहे: 'का, ते अजून कळलेलं नाही.'

आता सामान गोळा करा. वाक्यं नकोत, तुकडे हवेत. फोन घरात कुठे होता? तो वाजल्यावर दादाचे हात काय करत असायचे? कुठल्या अक्षरावर तो अडायचा, आणि ते अक्षर टाळायला दुसरा शब्द शोधायचा का? स्वतःचं नाव सांगताना काय व्हायचं? (नावाला दुसरा शब्द नसतो. अडखळत बोलणाऱ्या अनेकांना म्हणूनच नाव सांगणं सगळ्यांत अवघड जातं.) तो गायचा का? बोलताना अडणारी माणसं गाताना बहुधा अडत नाहीत, हे तुम्ही घरात पाहिलं असेल. तुम्ही त्याच्या वतीने काय काय थापा मारल्यात? कधी त्याला न विचारता 'हो' किंवा 'नाही' म्हणून टाकलंत का? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर मला सांगू नका, वहीला सांगा.

यादीला क्रम देऊ नका. आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिहा आणि नुसता अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह काढा. खरोखर पाहिलेलं कुठलं आणि नंतर मनाने भरलेलं कुठलं हे याच वेळी वेगळं केलं नाही, तर पुढे दोन्ही एकजीव होतात आणि आपल्यालाच ओळखू येत नाहीत.

मग खर्डा. तुमची गाडी इथेच अडते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला परिच्छेद लिहू नका. बाराव्यांदा तर मुळीच नको. लेख कुठे जाणार आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही, तर त्याचं दार कुठे काढायचं हे कसं ठरणार? फोन वाजतो तिथून धरा. पहिलं वाक्य 'फोन वाजला' एवढंच असू द्या. पुढे लिहीत जा, आणि वर जायचं नाही. हा नियम कडक पाळा: वरचं वाचायचं नाही, सुधारायचं नाही. साल आठवलं नाही तर '(साल बघ)' लिहून पुढे. शब्द सापडत नसेल तर फुल्या टाकून पुढे. एखादा प्रसंग फार जड वाटला तर 'इथे आत्याचा फोन, नंतर लिहू' असं म्हणून पुढे. एका बैठकीत ४० मिनिटं पुरतात. उठताना उद्या कुठून धरायचं ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरा कागद समोर येत नाही. अशा तीन-चार बैठकांत शेवटाला पोचा. शेवट बावळट झाला तरी हरकत नाही. किंबहुना तो होईलच.

हा खर्डा वाईट असणार. मी धीर द्यायला म्हणत नाही, खरंच वाईट असेल, आणि वाचताना लाज वाटेल. पण त्यात कुठेतरी, बहुतेक शेवटच्या पानावर थकून लिहिताना, तुमच्याकडून असं एक वाक्य निसटलेलं असेल की जे तुम्हाला आधी माहीत नव्हतं. ते वाक्य मिळवण्यासाठीच हा सगळा खटाटोप. पहिल्या परिच्छेदावर ११ वेळा बसणाऱ्याला ते भेटत नाही, कारण तो तिथवर जातच नाही.

शक्य असेल तर खर्डा हाताने लिहा. यामागे कागदाचं प्रेम वगैरे नाही. कागदावर खाडाखोड दिसते, तिसऱ्यांदा खोडताना आपल्यालाच ओशाळं वाटतं आणि आपण पुढे सरकतो. पडद्यावर पुसलेलं दिसत नाही. तेच वाक्य ११ वेळा घासलं तरी समोर स्वच्छ, निरागस असं एकच वाक्य असतं.

माझंही सांगतो. तरुणपणी एका लेखाच्या सुरुवातीवर मी तीन आठवडे घालवले होते. काय ती सुरुवात! संपादकांनी लेख परत पाठवला तेव्हा पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ होती आणि दुसऱ्या पानाच्या समासात दोन शब्द: 'इथून सुरू.' मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पानापासून वाचून पाहिलं. पहिलं पान नसल्याचं जाणवत सुद्धा नव्हतं.

खर्डा झाला की आठवडाभर त्याच्याकडे बघू नका. तेवढी सवड नसेल तर निदान दोन रात्री मध्ये जाऊ द्या.

मग तो वाचा, आणि हातात पेन्सिल असली तरी एकही शब्द बदलू नका. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिहा: हा परिच्छेद काय करतो? 'फोनची जागा सांगतो.' 'दादा शाळेत चिडवला गेला.' 'तोतरेपणाची कारणं.' 'पुन्हा चिडवणं.' मग परिच्छेद झाकून नुसत्या समासातल्या ओळी वाचा. आता तुमच्या हातात खराखुरा आराखडा आहे, लिहिलेल्या लेखाचा. दुसरा आणि सहावा परिच्छेद एकच काम करतायत हे इथे उघडं पडेल. कारणांवर तुम्ही अख्खं पान खर्ची घातलंय आणि तुमचा राग समजायला त्याचा काही उपयोग नाही, हेही दिसेल. आणि समजा, नवव्या परिच्छेदासमोर तुम्हाला लिहावं लागलं, 'मला त्याच्या वतीने बोलायला आवडायचं', तर तो नववा परिच्छेद नुसता वर न्यायचा, की बाकीचा सगळा लेख त्याच्याकडे वळवायचा, हा निर्णय घ्यावा लागेल. (हे वाक्य मी कल्पनेने लिहिलंय. तुमचं वेगळं निघेल.)

पुनर्लेखन म्हणतात ते हेच, आणि बहुतेक लोक ते करतच नाहीत. नॅन्सी सॉमर्स या अभ्यासिकेने २० नवशिके विद्यार्थी आणि २० अनुभवी लिहिणारे यांच्याकडून निबंध लिहवून घेतले, प्रत्येक निबंध दोनदा सुधारायला लावला आणि कोण काय बदलतं ते पाहिलं. १९८० साली तिने नोंदवलं की विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलतात. हा शब्द चांगला नाही, तो घालू. हा दोनदा आलाय, एकदा काढू. अनुभवी माणसं आपल्या म्हणण्याचा आकार शोधत असतात, आणि त्यासाठी अख्खे तुकडे काढतात, घालतात, हलवतात. तुमच्या ११ आवृत्त्या मी पाहिल्या नाहीत, पण पैजेवर सांगतो: 'अनन्यसाधारण' आधी 'फार मोठं' होतं.

काढलेलं फेकू मात्र नका. 'भंगार' नावाची एक फाईल करा आणि त्यात टाका. त्यातलं पुन्हा क्वचितच काही लागतं, पण ते तिथे आहे म्हटल्यावर कात्री चालवायला हात धजावतो. पहिल्या खर्ड्यात १८०० शब्द असतील आणि शेवटी १२०० उरले, तर ६०० गेल्याचं दुःख मानू नका.

दुसऱ्या वाचनात परकं होऊन वाचा. तुमच्या घरात कधीही न आलेली, तुमच्या दादाला न पाहिलेली बाई हे वाचते आहे. 'त्या दिवशीसुद्धा तसंच झालं' असं तुम्ही लिहिलंत तर ती विचारणार, तसं म्हणजे कसं? तुमच्या डोळ्यांसमोर सगळं आहे, म्हणून ते कागदावर आहे असं तुम्हाला वाटतं. उलट जे तिला आपोआप समजतं ते तुम्ही दोनदा सांगितलं असेल. दादानं फोनकडे पाहून तुमच्याकडे पाहिलं, एवढं वाचल्यावर 'त्याच्या नजरेत असहायता होती' हे तिला सांगावं लागत नाही. ती जागा तिची आहे, तिथे जाऊन बसू नका.

नंतर मोठ्याने वाचा, कुजबुजत नको. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की वाचणारा कर्ता हातात धरून ताटकळत उभा राहतो. आणि कानाला आणखी एक गोष्ट कळेल, जी डोळ्यांना कळत नाही. आठवणींचा लेख लिहिताना आपण सगळे 'यचा-यचे'च्या तालात शिरतो. फोन वाजायचा, दादा बघायचा, मी उचलायचे, आई हसायची. सुरुवातीला गोड वाटतं, पानभर झालं की पाळणा हलत राहतो आणि वाचणारा पेंगतो. तुमच्या लेखात मात्र या तालाचा उपयोग करता येईल. ती सगळी वर्षं 'यचा'मध्येच चालू द्या, कारण ती तशीच गेली, रोज तेच. आणि त्या एका दिवसापाशी ताल मोडा. फोन वाजला. मी उठले. दादा म्हणाला, 'दे इकडे, मी बोलतो.' बस्स. 'आणि मग अचानक सगळं बदललं' असं लिहायची गरज नाही, क्रियापदांनी ते काम केलेलं असतं. 'अचानक' हा शब्द तर खोडाच. 'अतिशय', 'खरोखर', 'जणू' हेही दिसतील तिथे एकेकदा काढून वाचा. बहुतेक वेळा वाक्य हलकं होऊन सरळ उभं राहतं.

तो काय बोलला, किती वेळ लागला, पलीकडचं माणूस थांबलं का, हे मात्र लिहा. तिथे घाई करू नका. तो एका शब्दावर अडला असेल तर त्या क्षणी तुमचं तोंड उघडलं होतं का, हे आठवून लिहा. त्याचं अडखळणं कागदावर अक्षरं तोडून दाखवू नका, 'म-म-मी' असं. दोनदा झालं की ते नक्कल करून दाखवल्यासारखं वाटतं. थांबलेला वेळ दाखवा. त्या वेळात खोलीत काय ऐकू येत होतं ते लिहा.

सुरुवात आणि शेवट सगळ्यांत शेवटी बघा. सुरुवातीचा परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. चालतंय? मग झाकलेला गेला. शेवटाला तेच उलट. शेवटचा परिच्छेद काढल्यावर लेख संपल्यासारखा वाटत असेल, तर तो आधीच संपलेला होता. तुमच्या पाठवलेल्या लेखाचा शेवट 'समाजाने अशा व्यक्तींकडे सहानुभूतीने पाहावे' असा आहे. तुमच्या दादाला सहानुभूती हवी होती असं ताजा कलमावरून तरी मला वाटत नाही. त्याला फोन हवा होता.

शुद्धलेखन याच्याही नंतर. उद्या जे वाक्य काढून टाकायचंय त्याची वेलांटी आज कशाला तपासायची? पण वेळ आली की नीट करा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली त्यांत ४ वाढले; एकूण १८. एका बैठकीत वाचून होतात. तेवढे समोर ठेवून एकदा फक्त ऱ्हस्व-दीर्घासाठी वाचा, एकदा फक्त अनुस्वारांसाठी. दोन्ही एकदम करायला गेलं की मन अर्थात गुंततं आणि चुका निसटतात.

लेख झाला हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सकाळी घातलेला स्वल्पविराम संध्याकाळी काढला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा घातला, की झाला. तिथून पुढे लेख चांगला होत नाही, नुसता झिजतो. मग शीर्षक बदला ('वाणीदोष' हा शब्द मला पुन्हा दिसायला नको) आणि वहीचं ते पान मिटा.

उरलेल्या ६२ नोंदींना हीच वाट लागू होईल का? काहींना होईल, काहींना नाही. माहिती देणारा लेख असेल तर आराखडा आधी केलेलाच बरा. बातमीसारखं काही असेल तर तुमच्या मनाच्या तळाशी जायचं कारण नाही. पण आधी हा एक पुरा करा. पुरा झालेला एक वाईट लेख हातात असला की पुढच्या लेखाला आपण कमी घाबरतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

आणि एक काम आहे, ते लिहिण्याचं नाही. हा लेख तुमचा असला तरी गोष्ट दोघांची आहे. कुठेही पाठवण्याआधी दादाला वाचायला द्या. वाचून दाखवू नका, त्याच्या हातात द्या आणि तो वाचत असताना दुसऱ्या खोलीत जा. तुम्हाला जे आठवतंय ते त्याला वेगळं आठवत असेल. काही भाग त्याला बाहेर जायला नको असेल, तर तो काढावा लागेल, मग ते लेखातलं सगळ्यांत चांगलं पान का असेना.

तो बाहेर येऊन काहीतरी सांगायला लागेल. मध्येच एखाद्या शब्दावर अडेल. तो शब्द कुठला, हे तुम्हाला लहानपणापासूनच्या सवयीने त्याच्या आधी कळलेलं असेल. तो सांगू नका. थांबा.